विहिरीचे पाणी आणि कानातील हाड

उन्हाळ्याची सुट्टी लागून रावेर तालुक्यातील मुले केळीच्या मळ्यांतल्या विहिरींत आणि तापीच्या डोहांत मुटके मारू लागली, की कानाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या पालकांची रीघ लागते. आणि थंड पाण्याने कानात हाड वाढते असे कोठेतरी वाचलेले काहीजण चिंताक्रांत मुद्रेने त्याच बाबीचा खुलासा मागतात.

विकार खरा आहे, परंतु तो आपल्या मुलखाचा नव्हे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची. तिच्या आतल्या भागात हाडावर अत्यंत पातळ त्वचा असते, आणि साधारणतः १९ अंशांखालचे पाणी त्या त्वचेस वर्षानुवर्षे लागत राहिले, म्हणजे खालच्या अस्थ्यावरणाचा क्षोभ होऊन हाडाचे थर चढू लागतात, बहुधा दोन्ही कानांत, व अखेरीस नळी इतकी संकुचित होते की पाणी आणि मळ अडकून ऐकू येणे कमी होते. कॅलिफोर्निया वा न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर फळीवरून लाटांवर स्वार होणाऱ्यांत हा प्रकार सर्रास दिसतो. निअँडरथल मानवाच्या कवट्यांतही तो आढळला आहे. आपल्याकडील विहिरीचे पाणी मात्र, मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या झळांतून उडी घेणाऱ्यास कितीही गार भासले, तरी भूजल त्या त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तपमानाच्या आसपास राहत असल्याने खानदेशात ते २५ अंशांच्या पुढेच असते. तारकर्लीच्या समुद्रात बुड्या मारणाऱ्यांनाही ही भीती नाही. इंग्लिश खाडी पोहण्याची जिद्द धरणाऱ्याने, अथवा परदेशी शिकावयास जाऊन लाटांच्या नादी लागलेल्या चिरंजीवांनी, कानात बोळे घालावेत हे उत्तम; कारण एकदा वाढलेले हाड औषधाने विरत नाही, शस्त्रक्रियेनेच कोरावे लागते.

आपला शत्रू थंडी नसून ओल आहे. ओल्या कानात बुरशी धरते, असह्य खाज सुटते, दडे बसतात आणि काळे ठिपके असलेला ओलसर लगदा निघतो. त्यावर घरोघरी जो लसूण टाकून कढवलेल्या तेलाचा इलाज चालतो, त्याची मुभा मी कोणासही देणार नाही, कारण त्याने त्वचा पोळते आणि बुरशी जात नाही. काडी, पिन, कानकोरणे हीही वर्ज्य. पोहून आल्यावर मान एकेका बाजूस कलती करून पाणी निथळू द्यावे, बाहेरून पंच्याने टिपावे, एवढेच. कान वाहत असेल अथवा पडद्यास छिद्र असेल, तर तूर्त पोहणेच बंद. मधुमेह्याने कानदुखीची हयगय मुळीच करू नये. मधुमेह्यांत कानाचा दाह क्वचित हाडापर्यंत पोहोचून जिवावर बेततो.

बुडी मारणाऱ्याने मात्र घट्ट बोळा घालू नये. पाण्याचा दाब वाढताच बोळ्यामागे कोंडलेल्या हवेमुळे पडद्यास इजा होते. तसेच एका कानात मळ दाटलेला असताना गार पाणी दुसऱ्याच कानात आतवर शिरले, तर आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा गोंधळ होऊन एकाएकी भोवळ येते. रावेर-यावलकडच्या विहिरी खोल, कित्येकींना पायऱ्याही नाहीत. सबब दडे बसलेल्या मुलास आधी कान तपासून घेतल्यावाचून विहिरीत उतरू देऊ नये, आणि निरोगी मुलासही एकट्याने नव्हे.