नुसता फलक पुरत नाही

मावळ तालुक्यात कुंडमळा इथं इंद्रायणीवर सुमारे ३० वर्षांचा अरुंद लोखंडी पूल होता. गावकरी त्यावरून ये-जा करायचे. पुढे तो धोकादायक ठरला, फलक लागला, नवा पूल मंजूर झाला. पण जुन्यावरची वर्दळ थांबली नाही. १५ जून २०२५, रविवारी पर्यटकांच्या गर्दीत तो कोसळला. ४ जीव गेले.

लोखंडी पुलाची ताकद त्याच्या जोडांत असते. तिथं गंज चढला की वरचा रंग कामाचा नाही. आपल्या गावातही जुना पूल असेल, तर गटाच्या बैठकीत विषय घ्या. ग्रामसभेत लेखी विचारा: तपासणी कधी झाली? अहवाल कुठंय? पूल धोकादायक असेल तर बंद करा, आणि मुलांना शाळेत जायला दुसरी वाट द्या.