जुनी यांत्रिक करवत घेताना

आमच्या खानापूर तालुक्यात एकदा पाऊस लागला की तीन-चार महिने वाळकी काटकी दृष्टीस पडत नाही. म्हणून मृगापूर्वी वर्षाचे जळण कापून, फोडून, आडोशाला रचून ठेवणे हे घराघरांतले मोठे काम असते. स्वयंपाकाला गॅस आला तरी न्हाणीघरातला हंडा, गुरांचे आंबोण आणि लग्नकार्याच्या चुली यांना लाकूडच लागते. पूर्वी हे काम कुऱ्हाडीने पंधरा-पंधरा दिवस चाले. आता त्यासाठी यांत्रिक करवत आली आहे. गावात तिला नुसते ‘मशीन’ म्हणतात. नवी घेणे सर्वांना परवडत नाही, तेव्हा जुनी शोधली जाते. ती कशी पारखावी याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, त्याला एक घरगुती कारण आहे.

तीन वर्षांपूर्वी काकांनी नऊ हजारांना एक जुनी मशीन घेतली. विकणाऱ्याने दोरी ओढताच एंजिन गरजले आणि त्या आवाजावर खूश होऊन काकांनी पैसे मोजले. पुढच्या मुठीसमोरची ढाल तुटलेली होती. “ती नसली तरी चालते,” असे विकणारा म्हणाला. दोन महिने खरोखरच चालली. मे महिन्यात काजूच्या फांद्या कापताना पट्टीचे टोक पलीकडच्या ओंडक्याला लागले, मशीन उसळली आणि माझ्या चुलतभावाच्या डाव्या मनगटावर आली. दादाला अकरा दिवस इस्पितळात काढावे लागले. हात वाचला, परंतु दोन बोटे आजही पुरती मिटत नाहीत. गावच्या भजनात दादा पखवाज वाजवीत असे. आता तो मागे टाळकऱ्यांत उभा राहतो.

मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. हे कसे घडले ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. मध्यम आकाराच्या मशीनचे एंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल आणि साखळी फिरवणाऱ्या चक्राला सात दात असतील, तर नेहमीच्या मापाची साखळी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. म्हणजे ताशी साठ किलोमीटरहून अधिक. पट्टीच्या टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला लाकूड लागले की तिथला दात लाकडात अडकतो. साखळी पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा तिचा सारा जोर उलट पट्टीवर येतो आणि पट्टी वर व मागे, माणसाच्या दिशेने फेकली जाते. न्यूटनचा तिसरा नियम आपण परीक्षेत लिहितो, तोच हा. माणसाला सावध होऊन हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. तोवर उसळी येऊन गेलेली असते. म्हणूनच पुढच्या मुठीसमोर ती ढाल असते. ती केवळ आडोसा नव्हे, तो साखळीच्या ब्रेकचा दांडा आहे. मनगट त्यावर आपटताच, आणि अलीकडच्या मशीनमध्ये उसळीच्या झटक्यानेही, पोलादी पट्टा क्लचच्या डब्याभोवती आवळतो व साखळी जागच्या जागी थांबते.

गेल्या वर्षी पुन्हा मशीन घ्यायची वेळ आली, तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. सारी हकीकत ऐकून ते एवढेच म्हणाले, “मोदल ब्रेक नोडप्पा, आमेल एंजिन.” आधी ब्रेक बघ बाबा, एंजिन नंतर. पुढे त्यांनी जे शिकवले ते क्रमाने देतो.

आकार प्रथम ठरवावा. पस्तीस सीसीच्या आतली मशीन फांद्या छाटण्यापुरती बरी. सत्तर सीसीची दिवसभर पेलवत नाही. घरच्या जळणाला ४५ ते ५५ सीसीचे एंजिन आणि १६ ते १८ इंचांची पट्टी पुरेशी होते. पट्टीशिवाय तिचे वजन पाच किलोच्या आसपास असते.

मग ब्रेक. एंजिन बंद असताना ढाल पुढे ढकलावी. खट्‌ असा स्पष्ट आवाज यावा आणि हातमोजा घालून साखळी ओढली तरी ती हलू नये. ढाल मागे घेताच साखळी मोकळी व्हावी. एंजिन मंद चालत असताना साखळी मुळीच फिरता कामा नये. फिरत असल्यास मंद गतीची जुळणी चुकलेली असते किंवा क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या असतात. मागच्या मुठीवरची कळ दाबल्याशिवाय खटका ओढला जाऊ नये, आणि बंद करण्याचे बटण पहिल्याच वेळी चालले पाहिजे. यांतले एकही नसेल, आणि दुरुस्तीचा सुटा भाग मिळत नसेल, तर पुढचे काही न पाहता परत फिरावे.

एंजिन पाहायला जाताना ते थंड असावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर थंडीत सुरू होण्याची अडचण लपते. म्हणून प्रथम सायलेन्सरजवळ हात नेऊन ऊब पाहावी. बटण बंद ठेवून मशीन दोरीच्या मुठीने उचलून धरावी. एंजिनात दाब चांगला असेल तर ती थांबत थांबत खाली येते. झिजलेले असेल तर सरळ घसरते. मापक मिळाल्यास १५० पौंडांच्या आसपासचा दाब उत्तम समजावा. १२० च्या खाली असल्यास मोह आवरावा.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे सायलेन्सर उतरवणे. दोन-तीन बोल्ट काढले की भोकातून पिस्टन दिसतो. त्याची बाजू गुळगुळीत असावी. उभे ओरखडे असतील तर आधीच्या मालकाने तेल न मिसळता पेट्रोल घातले असण्याचा संभव मोठा. या दोन-फटकी एंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच पिस्टनला वंगण देते. बहुधा प्रमाण पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असते. एवढी काटकसर केलेल्याची मशीन आपण का घ्यावी? प्लगही काढून पाहावा: तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर एंजिन पेट्रोलाविना तापत आले आहे असे समजावे. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते ओलावा शोषते. म्हणून वर्षभर टाकी भरून पडलेल्या मशीनचे कार्बोरेटरमधले रबरी पडदे व नळ्या बदलाव्या लागतील हे किमतीत धरावे.

शेवटी साखळी आणि पट्टी. आजच्या साखळीची कल्पना अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांना १९४६ साली लाकूड पोखरणारी अळी पाहून सुचली. ती डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने कुरतडते. म्हणून साखळीचे दातही एक डावा, एक उजवा असे असतात. एका बाजूचे दात आखूड घासले गेले असतील तर काप वाकडा जातो. दात चार मिलिमीटरहून आखूड झाले की साखळी संपली. परंतु साखळी नवी मिळते, पट्टीही मिळते. त्यासाठी चांगले एंजिन सोडू नये. पट्टीला तेल पोचते की नाही हे पाहण्यास टोक कोऱ्या कागदासमोर धरून एंजिन वाढवावे. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

मशीन घेतली म्हणून झाड आपले झाले असे नव्हे. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये, काही जाती वगळता, स्वतःच्या जमिनीतले झाड तोडण्यासही परवानगी लागते.

असो. चार मशीन नाकारून पाचवी आम्ही बारा हजारांना घेतली. साखळी जुनी होती, ती बदलली. पाहायला दादा बरोबर होता. त्याने उजव्या हाताने ढाल तीनदा पुढे ढकलली, तिन्ही वेळा खटका ऐकला आणि मान हलवली. मगच काकांनी पैसे काढले.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण सुट्टीत गावी जाल. घरात किंवा शेजारी अशी मशीन असेल तर एंजिन बंद करून तेवढी ढाल एकदा पुढे ढकलून पाहा. या परीक्षेला अर्धा मिनिट पुरतो.