पाण्याची वाट

नागपूरच्या दक्षिणेस, मनीषनगर ओलांडून पुढे गेले की बेसा लागते. एके काळी हे शेतकऱ्यांचे खेडे होते. नागपूर वाढू लागले, तसे शेतांचे भूखंड पडले व त्यांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. आता बेसा व शेजारचे पिपळा यांची मिळून नगरपंचायत आहे.

विदर्भातील काळी माती मोठी नवलाची आहे. वैशाखातील उन्हाने तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे पहिले पाणी ती गटागट पिऊन टाकते. त्याच मातीवर सिमेंटचा थर चढला, म्हणजे तिचे तोंड बंद होते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका गच्चीवरून दहा हजार लिटर पाणी वाहून येते. अशा शेकडो गच्च्या, शिवाय रस्ते व अंगणे! हे सारे पाणी नाल्याकडेच धावणार. नाला बुजवलेला वा आक्रसलेला असेल, तर ते घरांत शिरते.

नागपूरने हे प्रत्यक्ष अनुभवले आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी, लोक गाढ झोपेत असता, काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. त्याखालील नाग नदीचे पात्र ठिकठिकाणी अरुंद झालेले होते. तीत एवढे पाणी मावेना. पहाटे लोक जागे झाले, तो खाटेखाली पाणी! सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक बुडाले. एका मूकबधिर विद्यालयातील मुलांना बचावपथकांनी सुखरूप बाहेर काढले. त्यांना हाक मारून सावध करणे शक्य नव्हते. काही नागरिक मात्र या पुरात प्राणास मुकले.

उन्हाचीही तीच गोष्ट. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अहमदाबाद शहराने त्याच वर्षी उष्णतेपासून बचावाची योजना आखली होती. २०१६ साली नागपूर महानगरपालिकेनेही तो मार्ग धरला. उष्णतेची लाट येण्यापूर्वी लोकांस सूचना द्यावी, रुग्णालयांत थंड खोल्या राखाव्यात, दुपारी उद्याने उघडी ठेवावीत, चौकाचौकांत पाणपोया घालाव्यात, अशी ही कामे आहेत. भर उन्हात वाहने तिष्ठत राहू नयेत म्हणून दुपारी काही चौकांतील वाहतुकीचे दिवेही बंद ठेवले जातात. उपाय लहान खरा, पण डोक्यावर ऊन घेऊन सायकलीवर थांबणाऱ्यास त्याचे मोल विचारावे.

पाण्याच्या टंचाईनेही या शहरास एक धडा दिला. २०१९ च्या जुलैत पेंच प्रकल्पाचे तोतलाडोह धरण आटले आणि नळाला दिवसाआड पाणी येऊ लागले. सुदैवाने त्यापूर्वीच एक शहाणपणाचे काम झाले होते. भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्रास पुरवण्याची व्यवस्था झाली होती. दररोज सुमारे १३ कोटी लिटरची ही योजना. वीजकेंद्राने सांडपाण्यावर भागवले, म्हणजे तेवढे गोडे पाणी वाचले.

महानगरपालिकेजवळ अभियंते असतात, निधी असतो. नव्या नगरपंचायतीची तिजोरी लहान. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने नगररचना, पाणीपुरवठा व पर्यावरणरक्षण ही कामे नागरी संस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. तथापि नागपूरच्या भोवतालच्या गावांत नगररचनेचे काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणही पाहते. नाला मात्र कोणाची हद्द ओळखत नाही. तो एका गावात उगम पावतो, दुसऱ्यात वळतो आणि तिसऱ्यात नदीस मिळतो. वरच्या गावाने तो बुजवला, तर खालचे गाव बुडते.

म्हणून बेसासारख्या वाढत्या गावात पहिले काम नकाशाचे. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे साचते, जुना ओढा कोठून वाहत असे, हे गावातील वृद्ध शेतकऱ्यास विचारावे. कागदावर जे पुसले गेले ते त्याच्या ध्यानात असते. इमारतीस परवानगी देण्यापूर्वी तो नकाशा समोर पसरावा. उरलेली विहीर बुजवू न देता तीत गच्चीचे पाणी सोडावे. मृग बरसण्यापूर्वी नाल्यातील गाळ काढून दूर न्यावा. काठावरच ढीग घातला, तर पहिल्याच सरीत तो पुन्हा आत जातो.