पंप उतरवायच्या आधी

शालू, मेकॅनिक म्हणाला ‘पंप गेलाय’ आणि तू लगेच पैशांची जुळवाजुळव करायला बसलीस. अगं, थांब जरा. टोमॅटोच्या ऐन हंगामात गाडी दारात उभी राहिली की काय होतं, ते तुला मी सांगायला नको. गॅरेजच्या काउंटरवर इतकी वर्षं बसते, म्हणून हक्कानं सांगते. जुन्या डिझेल पिकअपमध्ये मेन पंपाचं काम सगळ्यात खर्चाचं, आणि संशय घ्यायचा तो त्याच्यावर सगळ्यात शेवटी.

उद्या सकाळी सेल्फ मारताना प्रकाशरावांना सायलेन्सरमागे उभं कर. सेल्फ जोरात फिरतोय, गाडी लागत नाही आणि धुराचा मागमूसही नाही, तर डिझेल नोजलपर्यंत पोचतच नाहीये. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये. तिथं कॉम्प्रेशन आणि टायमिंग बघायचं. धूर नसेल तर चावी नुसती ऑन करून पंपाजवळ कान ने. ज्या पंपाला स्टॉप सोलेनॉइड असतं, तिथं बारीकसा ‘टक्’ ऐकू यायला हवा. त्याची वायर सुटली किंवा फ्यूज उडाला की डिझेलची वाटच बंद होते, आणि पंप ठणठणीत असून बदनाम होतो.

पण तू म्हणतेस, रात्रभर उभी राहिली की हँडपंप मारल्याशिवाय गाडी लागत नाही. मला तर ही एअरच वाटते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे त्या पाइपाला केसाएवढी चीर असली तरी गाडी चालू असताना खाली थेंब पडत नाही, उलट हवा आत शिरते. उसाच्या रसाच्या नळीला भोक पडलं की कितीही ओढा, तोंडात हवाच येते ना, तसंच. लोक जमिनीवर ओल शोधतात, ती दिसत नाही, मग ‘लीक कुठंच नाही’ म्हणत पंपावर खापर फोडतात.

म्हणून पंपाच्या अलीकडचा रबरी पाइप काढून तिथं तात्पुरती पारदर्शक नळी लावायला सांग. इंजिन चालू ठेवून उजेडात बघ. बुडबुडे धावताना दिसले की मागे मागे जायचं: क्लिपा, फिल्टरची रबरी रिंग, बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर. हे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत, दर वेळी नवे घालायचे. अगदी किरकोळ किंमत, पण काटकसर नेमकी तिथंच केली जाते.

वाशीहून परतताना रिकामे क्रेट असूनही माळशेज घाट चढताना गाडी दम सोडते, आणि थोडं थांबलं की पुन्हा ओढते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. टाकीतला गाळ जाळीला चिकटतो आणि थांबल्यावर खाली बसतो. एकदा तिथंच टाकीचं झाकण उघडून बघ. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली तर टाकीत हवा जायची वाट बुजलीय. पावसाळ्यात फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणीही काढत जा. आणि एवढ्यानं उलगडा झाला नाही, तर स्वच्छ डिझेलचा कॅन पंपाच्या वर, पंख्यापासून आणि गरम सायलेन्सरपासून लांब घट्ट बांधून नळी थेट पंपाला जोडायची, रिटर्नही कॅनमध्येच. मग गाडी झकास चालली तर दोष टाकीकडचा, पंपाला हात लावायचा नाही.

आता पंप खरोखर गेल्याची खूण. गार असताना एका सेल्फला लागते, तापल्यावर काही केल्या लागत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून थोडा वेळ थांबलं की पुन्हा लागते. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या भागातून निसटतं, आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांत पुरेसं प्रेशर तयार होत नाही. हे दिसलं तर मीसुद्धा ‘उतरवा’ म्हणेन. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी चालवूच नकोस.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते. नोजलचे नट सैल करून एअर काढताना तुम्ही दोघांनी हात किंवा तोंड समोर आणायचं नाही. तिथं शेकडो बारचं प्रेशर असतं. डिझेलची बारीक धार कातडीत घुसते, वर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत मांस सडत जातं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि डिझेल प्रेशरनं आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

पंप उतरवायची वेळ आलीच, तर टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच दे. जुने मेकॅनिक ‘मायको’ म्हणतील, पावतीवर ‘बॉश’ असेल. बंगळूरची १९५१ सालची तीच कंपनी, २००८ मध्ये नाव बदललं, तेव्हा घाबरू नकोस. पंप आणि इंजिनवरची टायमिंगची खूण उतरवण्याआधी मोबाइलमध्ये टिपून ठेव, काढलेले पार्ट परत माग. आणि ती पारदर्शक नळी लावलीस की मला व्हिडिओ पाठव, मी इथं दाखवून घेते.