ठराव, सातबारा आणि गायरान

चवदार तळ्याचा धडा आपण सर्वांनीच गिरवला आहे. परंतु त्यातील एक बाब आपण घाईने ओलांडतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नाही. पुढील दाव्याचा निकाल उच्च न्यायालयात लागण्यास १९३७ साल उजाडले. कागद आणि पाणवठा यांच्यातील हे अंतर कमी करणे, हा आज अभ्यासाचा आणि उपजीविकेचाही विषय झाला आहे. लोकाधारित संवर्धन व नैसर्गिक संसाधनांचे शासन असे त्याचे काहीसे जड नाव आहे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे त्याचे ठळक उदाहरण. वनहक्क कायदा २००६ चा. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये. स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मात्र २०११ मध्ये हाती आला. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती अनेक वर्षे अभ्यासगटात बसून कायदा समजून घेत होते, सर्वसहमतीने निर्णय घेत होते. म्हणूनच गाव थकले नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मात्र येडशी-रामलिंगसारखा परिसर वगळता वन विरळच. येथील सामाईक संपत्ती म्हणजे गायरान, पाझर तलाव आणि बेसॉल्टच्या भेगांत साठणारे भूजल. एकाने खोल विंधनविहीर घेतली की शेजाऱ्याचा आड आटतो, हे कोणास सांगावयास नको.

गायरानाचा प्रश्न आपणांस अधिक जवळचा आणि अधिक अवघड. मराठवाड्यातील असंख्य भूमिहीन कुटुंबांनी, त्यांत आपलीही, गायरान कसून पोट भरले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली झाला. तरी कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही. दुसरीकडे त्याच कुरणावर मेंढपाळाची मेंढरे जगतात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले, भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवादाची वाटही ठेवली. गायरान वाचवावे म्हणणारा आणि गायरान कसणारा, दोघांचेही म्हणणे खरे असते. केवळ झाडे मोजणारा संवर्धक येथे अपुरा पडतो. आमच्या मते या कामाला भूमिहीनाच्या घरातून आलेला अभ्यासकच हवा.

या विषयाचे उच्च शिक्षण देणारा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आपल्याच जिल्ह्यात, तुळजापुरास आहे. शास्त्र, कला, कृषी, कोणत्याही शाखेचा पदवीधर या वाटेने जाऊ शकतो. वेतन सरकारी नोकरीइतके निश्चित नाही, हे पालकांपासून लपविण्यात अर्थ नाही. प्रकल्प संपतात, बदलीचे गाव येते.

तयारी मात्र आठवीपासूनही होऊ शकते. सुटीत घरी गेल्यावर तलाठ्याकडे गायरानाचा गट क्रमांक विचारावा, सातबारा व अतिक्रमणाची नोंदवही पाहावी, आणि गावातील एखाद्या वृद्ध मेंढपाळाबरोबर ती हद्द पायी फिरावी. विहिरीची पाणीपातळी मृगापूर्वी व दिवाळीनंतर दोरीने मोजून वहीत लिहावी. ती वही पुढील ग्रामसभेस सोबत न्यावी.