सकाळी उठल्यावर छातीत दुखते? आधी घड्याळ पाहा

शिवडीतला माझा दवाखाना सकाळी दहाला उघडतो. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी शटर वर करायला गेलो, तर पायरीवर एक गृहस्थ बसलेले. वय पासष्ट. मूळ गाव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर रखवालदारी केली. चेहरा पांढराफटक, सदरा घामाने भिजलेला. शेजारी बायको हातात ओव्याची पुडी घेऊन उभी.

"काका, काय होतंय?"

"काही नाही डॉक्टर, गॅस धरलाय. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय."

"कधीपासून?"

"पहाटे साडेपाचला जाग आली तेव्हापासून."

"आणि आता आलात?"

"तुमचा दवाखाना दहाला उघडतो ना!"

साडेचार तास! तेवढ्या वेळात सोडा झाला, ओवा झाला, छातीला बाम चोळून झाला. मी कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. परळचे के.ई.एम. रुग्णालय शिवडीहून टॅक्सीने अगदी जवळ. तिथली तातडीची सेवा रात्रंदिवस चालू असते. पहाटेच निघाले असते तर सहाच्या सुमारास उपचार सुरू झाले असते. काका वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा गेला. आता एक जिना चढला तरी धाप लागते.

म्हणून आजच्या लेखाचा विषय हा. सकाळी उठताना किंवा उठल्यावर छातीत दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी साधी आहेत. परंतु साधे कोणते आणि जिवावरचे कोणते, हे ओळखण्याची जुजबी माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

सकाळच का?

झोपेत शरीर विसावलेले असते. जाग येण्याच्या सुमारास ते कामाला लागण्याची तयारी करते. रक्तात काही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही थोडी वाढते. निरोगी माणसाला याचे काहीच वाटत नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला मात्र हीच वेळ नडते. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक येतात, असे १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. पुढे इतर देशांतही तसेच आढळले. काही जणांच्या रक्तवाहिनीला पहाटे विश्रांतीतच पेटका येतो आणि छातीत दुखून जाग येते. डॉ. प्रिन्झमेटल यांनी १९५९ साली या प्रकाराचे वर्णन केले. त्यामुळे "मी तर झोपलो होतो, काही श्रम केले नव्हते, मग हृदयाचे कसे असेल?" हा युक्तिवाद खरा नाही.

हृदयाचे दुखणे कसे असते?

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखे, जड ओझे ठेवल्यासारखे. रुग्ण बोटाने जागा दाखवत नाही, मूठ किंवा पंजा छातीवर ठेवतो. कळ डाव्या हातात, दोन्ही हातांत, मानेत, जबड्यात किंवा पाठीत जाते. सोबत घाम, मळमळ, दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी. कूस बदलून किंवा छाती दाबून त्यात फरक पडत नाही. चालताना येणारे आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारे दुखणे हीसुद्धा हृदयाची सूचनाच समजावी. ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात कधीकधी एवढी ठळक लक्षणे नसतात. नुसता दम, घाम, उलटी, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असू शकते.

आम्लपित्त

रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे झाले की जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येते. छातीच्या हाडामागे जळजळ, तोंडाला आंबट पाणी, घशात खवखव आणि उठून बसल्यावर बरे वाटणे, ही याची खूण. दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी येऊन बाराला जेवणारे कामगार माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. तंबाखू आणि मिश्रीने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते. आमच्याकडे अनेक बायका उठल्याबरोबर मिश्री लावतात, वर रिकाम्या पोटी चहा घेतात आणि मग दिवसभर जळजळ सोसतात. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू अर्धा फूट उंच करा. डाव्या कुशीवर झोपा. मिश्री सोडा.

स्नायू व बरगड्या

एका अंगावर अवघडून झोपणे, आदल्या दिवशी उचललेले ओझे, सततचा खोकला यांनी बरगड्यांमधले स्नायू किंवा बरगडी व छातीचे हाड यांचा सांधा दुखतो. रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो, तिथे दाबले की दुखते, कूस बदलताना कळ येते. शेकाने आणि विश्रांतीने ते काही दिवसांत कमी होते. छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-तीन दिवसांत पुरळ उठले, तर ती नागीण होय. औषध लवकर सुरू करावे लागते.

फुफ्फुसे

दीर्घ श्वास घेताना सुरीसारखी टोचणारी कळ फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आल्याचे सुचवते. तिच्या जोडीला दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल तर क्षयाची तपासणी करा. महापालिकेच्या क्षयरुग्णालयामुळे शिवडीचे नाव घेतले की लोकांना क्षय आठवतो. पण हा रोग कोणत्याही गावी होतो, पूर्ण बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात त्याचे उपचार मोफत मिळतात. पहाटे तीन-चारला छाती आवळून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दम्याचा विचार करावा. शस्त्रक्रियेनंतर किंवा पुष्कळ दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर एकदम दम लागून छातीत दुखले, एक पाय सुजलेला असला, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. हेही तातडीचेच.

जुन्या गिरणी कामगारांचा एक विकार इथे सांगायला हवा. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ फार. तिथे वर्षानुवर्षे काम केलेल्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामाला लागल्यावर काही तासांत आवळून येई आणि आठवडा सरेल तसे बरे वाटे. याला बिसिनोसिस म्हणतात. कायद्याने तो व्यवसायजन्य रोग मानला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, पण ज्यांचा हा विकार फार पुढे गेला होता त्यांचा दम गिरणीबरोबर संपला नाही. डॉक्टरांना दुखण्याबरोबर आपले जुने कामही सांगा.

काळजी आणि धास्तीनेही छातीत धडधडते, दुखते. ते दुखणे खोटे नसते. मात्र हृदय तपासल्यावरच तो शिक्का मारावा.

माझी चूक

हे सारे मी शहाणपणा मिरवायला लिहीत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मावशी सकाळीच आल्या. मधुमेह होता. "रात्रीचं जेवण बाधलं बाबा, पहाटेपासून मळमळतंय, जबडाही ठणकतोय," म्हणाल्या. मी पोटावर हात ठेवला, पित्ताची गोळी दिली आणि घरी पाठवले. संध्याकाळी त्यांचा मुलगा आला तो दाखला मागायला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हेच अजून बोचते. तेव्हापासून एक नियम पाळतो. चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या छातीतल्या किंवा छातीखालच्या नव्या दुखण्याला कार्डिओग्राम काढल्याशिवाय गॅस म्हणायचे नाही. तरुणालाही लक्षणे तशी असली, किंवा तो तंबाखू-विडी ओढणारा, मधुमेही, रक्तदाबाचा असला तर हाच नियम.

मग करायचे काय?

दुखणे सुरू होताच घड्याळ पाहा आणि वेळ लक्षात ठेवा. दाबल्यासारखे दुखणे विश्रांतीतही पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, किंवा सोबत घाम, दम वा अंधारी असली तर तेवढीही वाट न पाहता १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका यायला फार उशीर लागत असेल तर दुसऱ्या कुणाच्या वाहनाने जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. रुग्णाला जिना चालवू नका, स्वतः वाहन चालवू देऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्तस्राव किंवा जठरव्रण नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची गोळी मात्र ज्याला डॉक्टरांनी आधी लिहून दिली आहे त्यानेच, बसून घ्यावी.

पहिला कार्डिओग्राम चांगला आला म्हणून लगेच घरी परतू नका. झटक्याच्या सुरुवातीला तो निर्दोष असू शकतो. दुखणे चालू असेल तर तो पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणीही काही तासांनी पुन्हा करतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत गुणकारी ठरते, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

तपासणीत गॅसच निघाला तर लोक हसतील, रिक्षाचे पैसे जातील, एक सकाळ वाया जाईल. जाऊ द्या. पायरीवर बसलेले ते काका आता दर महिन्याला येतात. परवा म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्याबाहेर पाटी लावा. छातीत दुखत असेल तर इथं थांबू नका."

ती पाटी मी लावली आहे.