रक्तरसाची साक्ष : सुरतेचा प्लेग आणि रोगप्रतिकारशास्त्राचे शिक्षण

सन १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात सुरत शहरात फुप्फुसाचा प्लेग आल्याची वार्ता पसरली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. उधना, लिंबायत या भागांत कापडाच्या धंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांपैकी अनेकांनी गावची वाट धरली. औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लीन पाहता पाहता संपले. तत्पूर्वी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. त्यामुळे महाराष्ट्रालाही हे संकट परके नव्हते.

अशा वेळी शासनापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की हा रोग खरोखर प्लेगच आहे काय? त्याचे उत्तर रुग्णाच्या थुंकीतून किंवा गाठीतून जंतू वाढवून मिळते. परंतु पुष्कळ रुग्णांनी आधीच प्रतिजैविके घेतली असल्याने जंतू हाती लागणे कठीण झाले. मग भिस्त राहिली ती रक्तरसाच्या तपासणीवर. देशभरात प्लेगच्या ज्या संशयित रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, त्यांची संख्या ६९३ इतकी नोंदली गेली.

प्रतिपिंडे म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. शरीरात परका जंतू शिरला की त्याच्या विशिष्ट घटकास, म्हणजेच प्रतिजनास, चिकटून बसणारी प्रथिने रक्तात तयार होतात. तीच प्रतिपिंडे होत. प्लेगच्या एका प्रचलित चाचणीत मेंढीच्या तांबड्या पेशींवर प्लेगजंतूच्या आवरणातील प्रथिन चढवितात आणि रुग्णाचा रक्तरस दर वेळी दुप्पट विरळ करीत त्यात मिसळतात. प्रतिपिंडे असतील तर पेशी एकमेकींना धरून तळाशी जाळीसारख्या पसरतात. नसतील तर त्या घसरून मध्यभागी त्यांचा बारीक ठिपका होतो. पाहावयास हे सोपे आहे. अर्थ लावणे मात्र सोपे नाही.

कारण प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण आठवडा लागतो. आजाराच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना रिकामा निघाला म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. उलट पूर्वी कधी जंतूंशी गाठ पडली असेल किंवा लस टोचली असेल, तरीही प्रतिपिंडे सापडतात. यास्तव काही आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत आणि प्रतिपिंडांचे प्रमाण निदान चौपट वाढलेले दिसले तरच निदान पक्के मानावे, असा दंडक आहे. घाबरलेल्या शहरात तोच रुग्ण दुसऱ्या नमुन्यासाठी पुन्हा गाठणे किती अवघड, हे आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगावयास नको. सुरतेच्या निदानाविषयी काही तज्ज्ञांनी त्या काळी शंका घेतल्या होत्या. सन २००० मध्ये जंतूंच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा प्लेगच्या निदानास भक्कम आधार मिळाला.

या शास्त्राची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव चालविते.

वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणजे शास्त्राची दारे बंद झाली, अशी पालकांची समजूत असते. ती निराधार आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी. एस्सी. व नंतर एम. एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यासही रोगप्रतिकारशास्त्रातील संशोधनाकडे वळता येते. सुरतेतील विद्यार्थ्यास वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ जवळचे आहे. पुढे जीवविज्ञान विषयातील ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविता येते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. गरीब घरातील मुलामुलींच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हे, आणि शिक्षकांनी ती दहावी-बारावीच्या वर्गातच सांगितली पाहिजे. पीएच. डी.साठी दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था, पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र व राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, तसेच मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील रक्तविषयक प्रतिरक्षाशास्त्राची राष्ट्रीय संस्था ही प्रमुख ठिकाणे होत.

तेथे गेल्यावर आरंभीचे महिने मोठ्या शोधांत जात नाहीत. अचूक मोजणे, पायरीपायरीने विरळ करणे, आणि प्रत्येक तपासणीबरोबर प्रतिजन न चढविलेल्या पेशींचा एक तुलनात्मक नमुना ठेवणे, हेच शिकावे लागते. त्या साध्या पेशीही जाळी करू लागल्या, तर रक्तरसातील दुसऱ्याच कशाने तरी त्या चिकटल्या, असे समजून तो निकाल बाजूला ठेवावयाचा असतो. नमुना कोणत्या तारखेचा, आजाराच्या कितव्या दिवशीचा, रुग्णाने आधी कोणते औषध घेतले होते, याची नोंद वहीत त्याच दिवशी व्हावी लागते.